पगार कमी, तास त्याहून कमी

ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांच्या नोकरीच्या जाहिराती काही वर्षे सलग वाचल्या तर एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: आठवड्याला १६ तास. काम शेल्फ भरायचे असो, नाहीतर गल्ल्यावर बसायचे असो. बारा का नाहीत, वीस का नाहीत, याचे उत्तर दुकानाच्या गरजेत सापडत नाही. ते सरकारी नियमात सापडते. ‘फॅमिली क्रेडिट’ या भत्त्यासाठी लागणारी किमान तासांची अट एप्रिल १९९२ मध्ये २४ वरून १६ वर आणली गेली. पदरात मुले असलेला, कमी पगारावर राबणारा माणूस १६ तास भरत असेल तर सरकार त्याच्या कमाईत भर घालणार. १५ भरत असेल तर नाही. पुढे एकट्या आयांच्या कामाच्या तासांचे आलेख अर्थशास्त्रज्ञांनी काढले, तेव्हा सोळावर एक ठळक सुळका उभा राहिलेला दिसला. नियम बायकांना कळला होता. मालकांनाही कळला होता.

कमी पगाराच्या अर्धवेळ कामगाराला सरकारने वरून पैसे द्यावेत का, यावर तिकडे अनेक दशके ठरलेल्या पद्धतीने भांडण चालते. एक बाजू म्हणते, फुकटचे मिळाले की माणूस जास्त काम करत नाही. दुसरी म्हणते, ही भर कामगाराला नव्हेच, ती सुपरमार्केटच्या भागधारकांना दिलेली खिरापत आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. तासाचा दर किती असावा हे कायद्याने ठरवले, वरची भर किती द्यावी हेही कायद्याने ठरवले, पण तास किती द्यायचे हे मालकाच्या मर्जीवर सोडले. तास कमी का, याचा जाब मात्र कामगाराला विचारला जातो. या व्यवस्थेचे खरे दुखणे हे आहे.

दुखणे जुने आहे. ६ मे १७९५ रोजी बर्कशर परगण्यातले न्यायाधीश स्पीनहॅमलंड इथल्या पेलिकन नावाच्या खाणावळीत जमले. फ्रान्सशी युद्ध चालू होते, पीक बुडाले होते, पाव महागला होता. साधारण चार किलोच्या पावाची किंमत एक शिलिंग असेल तेव्हा मजुराच्या हाती आठवड्याला स्वतःसाठी तीन शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग पडलेच पाहिजेत, असे त्यांनी ठरवले. मजुरीतून तेवढे सुटत नसतील तर उरलेले गावाच्या गरीब-करातून द्यायचे. पाव महागला की रक्कमही चढायची. मजुरीचा दर कायद्याने बांधावा असा विचारही तेव्हा मांडला गेला होता, पण न्यायाधीशांनी तो मानला नाही. शेतकऱ्यांनी मजुरी वाढवावी असा सल्ला देऊन ते मोकळे झाले. त्याच हिवाळ्यात सॅम्युअल व्हिटब्रेड यांनी किमान मजुरीचे विधेयक संसदेत आणले. पंतप्रधान पिट यांनी विरोध केला आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये ते पडले. वर भर आहे आणि खाली आधार नाही, अशी ही रचना पहिल्या दिवसापासून लंगडी होती.

गरीब-कायद्याच्या १८३४ च्या चौकशी अहवालाने सगळे खापर या भत्त्यावर फोडले. मजूर आळशी झाले, शेतकऱ्यांनी मजुरी पाडली, गावे कराखाली दबली, असा त्याचा सूर होता. गंमत अशी की भांडवलशाहीचे कडवे टीकाकार कार्ल पोलान्यी यांनीही १९४४ च्या आपल्या ग्रंथात स्पीनहॅमलंडला जवळपास तितकेच झोडपले. १९६३ मध्ये अर्थतज्ज्ञ मार्क ब्लॉग यांनी कागदपत्रे नव्याने तपासली तेव्हा चित्र उलटे दिसू लागले. धान्य पिकवणाऱ्या दक्षिण इंग्लंडात पेरणी-कापणी सोडली तर मजुराला कामच नसे, हिवाळा रिकामा जाई. भत्ता त्या रिकाम्या दिवसांचा परिणाम होता, कारण नव्हे. आजच्या भाषेत सांगायचे तर तो मजूर अर्धवेळ कामगार होता, आणि आपले काम अर्धवेळ असावे हे त्याने ठरवलेले नव्हते.

१८३४ च्या अहवालातून एक तत्त्व मात्र पक्के झाले: सरकारी मदतीवरच्या माणसाची अवस्था सगळ्यात गरीब स्वतंत्र मजुराहूनही वाईट असली पाहिजे, नाहीतर लोक मदतीलाच चिकटतील. हे तत्त्व इंग्लंडात थांबले नाही. भारतातल्या १८७७ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या धडधाकट मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर जेमतेम मीठमिरचीपुरते पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ती नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारला खरमरीत पत्रे लिहिली. मदत मागणाऱ्याकडे संशयानेच पाहायचे, ही सवय आपल्याकडे कोणत्या वाटेने आली हे शोधणाऱ्याने या पत्रांपासून सुरुवात करावी.

त्यानंतर थेट १९७१ चे ब्रिटन. पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने कमी पगाराच्या कुटुंबांसाठी ‘फॅमिली इन्कम सप्लिमेंट’ सुरू केले. कुटुंबाची कमाई ठरलेल्या रकमेहून जितकी कमी, त्याच्या निम्मे सरकार देणार. म्हणजे पगार एक पौंडाने वाढला की भत्ता अर्ध्या पौंडाने घटणार. वर प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याचा हप्ता, शिवाय घरभाड्याची सूट आणि मुलांचे शाळेतले मोफत जेवण हातचे जाण्याची भीती. सगळे जोडले तर पगार वाढलेला माणूस काही वेळा आधीपेक्षा गरीब होत असे. गरिबीचे अभ्यासक फ्रँक फील्ड आणि डेव्हिड पियाशॉ यांनी त्याच वर्षी ‘न्यू स्टेट्समन’मध्ये हे मांडले, आणि ‘गरिबीचा सापळा’ हा शब्दप्रयोग राजकारणात रुजला. खरा अर्धवेळ कामगार मात्र या योजनेच्या बाहेरच होता, कारण ती पूर्णवेळ काम करणाऱ्यांसाठी होती. तो आत आला १९९२ च्या सोळा तासांसोबत.

पुढचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांना एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. भत्ता वाढवण्याआधी त्यांच्या सरकारने खाली आधार घातला. एप्रिल १९९९ मध्ये तासाला ३.६० पौंड हे राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘फॅमिली क्रेडिट’च्या जागी करसवलत या नावाचा नवा, अधिक उदार भत्ता आला. व्हिटब्रेड हरल्यानंतर दोनशे वर्षांनी दोन्ही हात एकत्र काम करू लागले. २००३ मधल्या फेरबदलात मात्र हिशेब वार्षिक कमाईवर बांधला गेला. ज्याचे तास दर आठवड्याला बदलतात त्याने वर्षाची कमाई आधी सांगायची कशी? पहिल्याच वर्षी दोन अब्ज पौंडांच्या आसपास जादा वाटले गेले आणि मग लाखो कुटुंबांकडून वसुली सुरू झाली. तासांची अनिश्चितता मालकाकडून आली होती. फेडायची वेळ कामगारावर आली.

आजची योजना म्हणजे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’. २०१२ च्या कायद्याने, मंत्री इयन डंकन स्मिथ यांच्या पुढाकाराने ती आली. एप्रिल २०१३ मध्ये मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन इथे तिचा पहिला अर्ज स्वीकारला गेला, आणि जुन्या करसवलती पूर्णपणे बंद व्हायला एप्रिल २०२५ उजाडले. तिचे सूत्र चांगले होते. सोळा तासांचा कडा काढून टाकायचा आणि त्याजागी उतार ठेवायचा. कमाई वाढेल तसा भत्ता हळूहळू उतरेल, एकदम तुटणार नाही.

हा उतार किती तीव्र आहे, हे २०२५-२६ च्या दरांनी मांडलेल्या एका उदाहरणावरून पाहू. एक एकटी आई, सहा वर्षांचे मूल, सुपरमार्केटमध्ये आठवड्याला १६ तास. त्या वर्षीचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड, म्हणजे महिन्याला सुमारे ८४७ पौंड. घरभाडे, भत्त्यात बसणारे, ७०० धरू. तिने काहीच काम केले नसते तर तिला स्वतःपोटी ४००, मुलापोटी २९३ आणि भाड्याचे ७०० असे सुमारे १,३९३ पौंड मिळाले असते. काम करते म्हणून पहिल्या ४११ पौंडांना हात लावला जात नाही, त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. कपात होते २४० पौंडांची. भत्ता आणि पगार मिळून हातात येतात दोन हजारांच्या आसपास, त्यातले ७०० लगेच घरमालकाकडे जातात. म्हणजे ८४७ पौंडांच्या कामाने तिच्या पदरात ६०७ टाकले. वाईट नाही. १९७१ च्या तुलनेत तर फारच बरे.

आता तिला आठवड्याला आणखी चार तास मिळाले. पगार महिन्याला २१२ पौंडांनी वाढला. भत्ता कापला गेला, करमुक्त मर्यादा किंचित ओलांडली, आणि उरले सुमारे ९४. हे चार तास वेगळ्या दिवशी असतील तर इंग्लंडात बसची एक फेरी जास्तीत जास्त ३ पौंडांची, येऊन-जाऊन ६, महिन्याला २६. उरले ६८. बारा पौंडांचा तास तिच्या हिशेबी चार पौंडांचा झाला. यापुढचे तास घेतले तर बसभाडे न मोजताही तेच, कारण प्राप्तिकर आणि विमा कापून राहिलेल्या ७२ पेन्सवर पुन्हा ५५ टक्क्यांची कात्री चालते आणि पौंडामागे ३२ पेन्स उरतात. पाळणाघराचा खर्च ८५ टक्क्यांपर्यंत परत मिळतो, पण साधारणपणे आधी भरायचा आणि मग मागायचा. लाखोंनी कमावणाऱ्या बँकरच्या शेवटच्या पौंडातले जेवढे सरकार घेते, त्याहून कितीतरी जास्त ते या बाईच्या शेवटच्या पौंडातले घेते. मग कुणी वरचा तास नको म्हटले तर तो आळस नव्हे, साधा हिशेब आहे.

पण कथेचा दुसरा भाग मला अधिक खटकतो. महिन्याला ८४७ कमावणारी ही बाई सरकारच्या नजरेत पुरेशी कमावती नाही. मे २०२४ पासून एकट्या माणसासाठी मर्यादा आठवड्याला १८ तासांच्या किमान वेतनाएवढी आहे, म्हणजे २०२५-२६ च्या दराने महिन्याला ९५२ पौंड. त्याखाली असलेल्याला जॉबसेंटर या सरकारी रोजगार कार्यालयातल्या ‘वर्क कोच’ या अधिकाऱ्याला नेमून दिलेल्या तारखेला भेटावे लागते, ऑनलाइन नोंदवहीत आपण आणखी काम कसे शोधतो आहोत हे लिहावे लागते, भेट चुकली आणि कारण पटले नाही तर भत्ता कापला जातो. मूल तीन वर्षांचे झाले की आईकडून आठवड्याला ३० तासांपर्यंत कामाची अपेक्षा धरली जाते. आणि भेटीची वेळ नेमकी दुकानातल्या पाळीच्या वेळेला आली, तर कुणाची मनधरणी करायची हे तिने ठरवायचे.

सगळ्यात सोपा प्रश्न कोणी विचारत नाही: तिच्या दुकानाला तिच्या हातचे आणखी चार तास हवे आहेत का? बहुतेकदा हवे असतात. कागदावर १६ तास, पण आठवड्याचे वेळापत्रक फोनवर येते त्यात कधी २२, नाताळच्या तोंडावर ३०, जानेवारीत पुन्हा १६. मालकाच्या दृष्टीने ही सोय आहे. कागदावर कमी तास ठेवले की रजेचा किंवा कपातीचा झगडा नाही, गर्दी वाढली की फोन करायचा, ओसरली की करायचा नाही. दहा लाखांच्या घरातले लोक तर शून्य तासांच्या करारावर आहेत; त्यांना एका तासाचीही हमी नाही. गिऱ्हाईक कमी-जास्त होण्याचा धोका धंद्याने सोसायचा असतो, नफा त्याचसाठी असतो असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात शिकवतात. इथे तो धोका कामगाराच्या वेळापत्रकात ढकलला जातो, आणि तिची कमाई खाली गेली की भरपाई करदाता करतो.

आपली गणिते करताना सरकारी यंत्रणाही कामगाराच्या आयुष्याशी किती कमी ओळख ठेवते, याचा एक नमुना न्यायालयातच मांडला गेला. भत्त्याचा हिशेब महिन्यामहिन्याचा. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होत असेल आणि तो दिवस सुट्टीचा आला तर पगार आधी जमा व्हायचा, आणि संगणकाला एका हिशेबात दोन पगार दिसायचे, पुढच्यात एकही नाही. दोन पगार दिसलेल्या महिन्यात भत्ता कोसळायचा. चार एकट्या, काम करणाऱ्या आया यावर न्यायालयात गेल्या. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने सरकारची भूमिका तर्काला धरून नाही असा निर्वाळा दिला. साध्या कॅलेंडरपायी तिथपर्यंत जावे लागले!

मग हे मालकांना दिलेले अनुदान आहे का? २०१५ च्या उन्हाळ्यात पंतप्रधान कॅमेरन यांनी असाच सूर लावला होता: कमी पगारावर कर घ्यायचा आणि तोच भत्ता म्हणून परत द्यायचा, हे गरगर फिरणे थांबवू. अर्थमंत्री ऑस्बॉर्न यांनी किमान वेतन वाढवायचे जाहीर केले आणि त्याच अर्थसंकल्पात करसवलतींवर मोठी कुऱ्हाड उगारली. ऐकायला न्याय्य. पण इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने आकडे मांडून दाखवले की वेतनवाढीने ही तूट भरून निघणे अंकगणितातच बसत नाही. ऑक्टोबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कपात अडवली, नोव्हेंबरमध्ये ऑस्बॉर्न यांनी माघार घेतली.

अंकगणितात का बसत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. वेतन तासाला मिळते, गरज घराला असते. मालक कामगाराची मुले मोजून पगार देत नाही, आणि देऊ लागला तर मुले असलेल्यांना कोणी कामावरच घेणार नाही. घरभाड्याचेही तसेच. लंडनमध्ये भाडे वाढले म्हणून दुकानदार पगार वाढवत नाही. तेव्हा किमान वेतन कितीही चढवले तरी मुले आणि भाडे यांपोटी भर द्यावी लागणारच. ती द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. वेतन पाडण्याची मालकांची जुनी खोड किमान वेतनाच्या कायद्याने बरीचशी बांधली गेली आहे. आणि अनुदान कुणाला, असे विचारायचेच असेल तर वरच्या उदाहरणातले ते ७०० पौंड पुन्हा पाहावेत. या भत्त्यातला मोठा हिस्सा घरमालकाच्या खात्यात जातो, पण त्याला खिरापत म्हणण्याचे धाडस कुठल्या पक्षाला होत नाही.

या सगळ्यात एक माणूस हिशेबाबाहेरच आहे. पुण्या-नागपुराहून शिकायला गेलेला मराठी मुलगा लेस्टरमध्ये रात्री शेल्फ भरतो तेव्हा त्याच दुकानात, त्याच दराने भरतो. त्याच्या व्हिसावर दोन अटी असतात: सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सार्वजनिक निधीतून एक पैही नाही. व्हिसावर सोबत गेलेल्या जोडीदारालाही ही दुसरी अट चिकटते. हे लोक कर आणि विम्याचे हप्ते भरतात. तास घटले तर त्यांना कोणी भर देत नाही, त्यामुळे मिळेल ती पाळी ते उचलतात. भत्त्यावाचून कामगार किती वाकतो, हे बघायला स्पीनहॅमलंडपर्यंत मागे जायला नको.

आपल्याकडच्या योजना वेगळ्या जातीच्या. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये बाई किती तास काम करते यावर अवलंबून नाहीत, त्यामुळे काम वाढवले म्हणून ते टप्प्याटप्प्याने कापले जात नाहीत. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले की कागदोपत्री सगळेच बंद, म्हणजे ब्रिटनने सोळा तासांवर जो कडा उभा केला होता तो आपण अडीच लाखांवर उभा केला आहे. आज तो टोचत नाही, कारण बहुतेक घरांचे खरे उत्पन्न कोणी मोजतच नाही. मोजमाप सुधारेल तसा टोचू लागेल.

ब्रिटनमध्ये काय करावे हे सांगणे फार अवघड नाही. उतार अजून कमी करता येईल. २०२१ मध्ये तो ६३ टक्क्यांवरून ५५ वर आला तेव्हा आकाश कोसळले नाही. पण पहिले काम तासांचे. जो माणूस महिनोन्‌महिने आठवड्याला २४ तास राबतो, त्याच्या करारात २४ लिहिलेच पाहिजेत. लेबर सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेल्या विधेयकात शून्य आणि कमी तासांच्या कामगारांना नियमित तासांची हमी देऊ करण्याची तरतूद होती, आणि तिची दिशा बरोबर होती. तिच्या जोडीला पाळत उलट दिशेने वळली पाहिजे. वर्क कोचने १६ तासांच्या बाईला बोलावण्याआधी तिच्या मालकाला एक पत्र लिहावे: तुम्ही नव्या माणसांची भरती करता आहात, मग हिला तास का देत नाही?

यासाठी लागणारी माहिती सरकारच्या हाताशी जवळजवळ आहे. प्रत्येक मालक प्रत्येक पगाराच्या वेळी करखात्याला कामगाराचे आकडे कळवतो, आणि त्यात नेहमीच्या तासांचा एक रकानाही असतो. तो भरायचा ठरलेल्या गटांत: १६ च्या आत, १६ ते २४, २४ ते ३०, ३० च्या वर. बंद पडलेल्या भत्त्यांच्या अटी त्या रकान्यात अजून तशाच बसून आहेत. प्रत्यक्षात किती तास काम दिले हे मालकाने कळवावे, असा नियम करायचे ठरले होते. तारीख आधी एप्रिल २०२५ होती, मग एक वर्ष पुढे गेली. जानेवारी २०२५ मध्ये धंद्यांवरचा बोजा नको म्हणून सरकारने तो बेतच सोडून दिला. ऑनलाइन नोंदवहीत आपल्या कामशोधाचा हिशेब लिहिण्याचा बोजा १६ तासांच्या बाईवर मात्र तसाच आहे.